न दिलेला खुलासा

हर्षदा,

तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले. कशी गेलीस ते इथे लिहिणार नाही. आमच्या धंद्यात तसा नियम आहे आणि तो बरोबर आहे. का गेलीस याचं एकच कारण देऊ नये, असाही नियम आहे. माणूस एका कारणाने जात नाही, हे नव्या बातमीदारांना मी स्वतः सांगत आलो. तेव्हा मी पाहिलं तेवढं आणि मी केलं तेवढंच लिहितो. बाकीचं तुझ्याबरोबर गेलं. ते मला कळणार नाही.

नात्यातल्या माणसाबद्दल आपल्या पेपरात लिहायचं नाही, हा आणखी एक नियम. तो आज मोडतो आहे. आधी तुझ्या आईला विचारलं. ताई खोलीच्या दारात बसली होती. पुढ्यात कोथिंबिरीची जुडी होती, हात मात्र मांडीवर होते. म्हणाली, "लिही. आते काय ऱ्हायनं?"

सुट्टीच्या दिवशी तू नरोलीहून शेअर रिक्षाने यायचीस, किलवणी नाक्याला उतरायचीस आणि माझ्या खोलीत, जिला मी ऑफिस म्हणतो, रद्दीच्या गठ्ठ्यावर बसायचीस. खुर्ची रिकामी असायची. तुला गठ्ठाच लागायचा.

"मामा, तुमचा पेपर किती वाजता येतो?"

"सहाला."

"आणि अकराला त्यात भजी."

"तेच त्याचं बरं आहे."

हा आपला जुना वाद. माझं म्हणणं असं, की अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून पुष्कळ चुकीचं छापलं गेलं, माणसं चिडली, काही दारावर आली. पण दुसऱ्या दिवशी दुसरा पेपर येतो आणि आदल्या दिवशीचा कुणाच्या लक्षात राहत नाही. तू हसायचीस. "लक्षात राहावं म्हणून तर लोक व्हिडिओ टाकतात ना मामा. विसरलेलं आवडणारे तुम्ही एकटेच."

तू टाकायचीस ते मी सगळं पाहिलं आहे, हे तुला माहीत नव्हतं. ताई भाजीवाल्याशी कशी बोलते ते तू करून दाखवायचीस: "भैया, भाव सरखो बोल ने! कालदिन वीसले दिधी व्हती. आज क्या, सोने की भेंडी है?" एका दमात गुजराती, अहिराणी आणि हिंदी. ओढणी डोक्यावर घेतलीस की अगदी ताई. ताईने ते पाहिलं आणि दुखावून विचारलं, "मना आवाज असा शे का?" तू म्हणालीस, "याहून वाईट आहे, मी कमी केलाय." त्यावर ताईने तुला लाटणं दाखवलं आणि तू त्याचाही व्हिडिओ टाकलास. धुळ्या-नंदुरबारकडची हजारो माणसं या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या खोल्यांतून राहतात. त्यांनी आपलीच आई पाहिल्यासारखं ते पाहिलं.

तुला काही हजार लोक बघत होते. तो आकडा मला फार वाटायचा, तुला कमी. सुताच्या कारखान्यात तू चेकिंगला होतीस. सुताच्या गुंडाळीवर, म्हणजे कोनावर, डाग आहे का, धागा तुटला आहे का, हे बघायचं काम. पहिल्या पाळीला गेटवर फोन जमा करायचा आणि तीनला सुटताना परत घ्यायचा. तुला न्यायला मी एकदा गेटवर आलो होतो. वॉचमनने फोन हातात दिला आणि तू तिथेच, बाहेर पडणाऱ्या बायकांच्या मध्ये उभी राहून बघत बसलीस. मी हाक मारली ती ऐकू गेली नाही. आकडा चांगला होता त्या दिवशी वडापाव खाल्लास. पुढच्या वेळी चांगला नव्हता, तेव्हा भूक नाही म्हणालीस.

मी ते टिपून ठेवलं. तरुण मुलं आणि फोन असा अर्ध्या पानाचा लेख मी लिहिला, त्यात तू होतीस, 'एक तरुण कामगार' म्हणून. झोप लागत नाही, दुसऱ्यांचं बघून आपलं काहीच नाही असं वाटतं, फोन जवळ नसला की हात शिवशिवतात. तुझीच वाक्यं. तू लेख वाचून घडी घातलीस.

"मामा, यात मी आजारी वाटते."

"थोडी आहेस."

"आणि तुम्ही? दर दहा मिनिटांनी दुसऱ्या पेपरने काय दिलं ते बघता."

"तो माझा धंदा आहे."

"हा माझा होईल ना."

लेखावर काही वाचकांचे फोन आले. मला बरं वाटलं. तुला पुन्हा कधी विचारलं नाही की झोप लागते का.

तुझ्याकडून मी घेतलं ते यापेक्षा कितीतरी जास्त. नरोलीच्या खोल्यांमध्ये पाणी किती वाजता येतं, कुठल्या कारखान्यात बायकांना बसायला स्टूल नाही, हे मला तुझ्याकडून कळायचं आणि माझ्या नावाने छापून यायचं. मी दोन बोटांनी टाइप करतो हे पाहून तू मला फोनला तोंडी मजकूर सांगायला शिकवलंस. "जोरात बोला मामा. त्याला तुमची मराठी नवीन आहे." हा मजकूर मात्र बोटांनीच लिहितो आहे.

आता बाबांचं. तुझे आजोबा, म्हणजे तुझ्या वडिलांचे वडील, दोन वर्षांपूर्वी गावाहून तुमच्याकडे आले, ते ऐकू येणं जवळजवळ बंद झाल्यावर. लिहिता-वाचता त्यांना कधीच येत नव्हतं. कानाचं यंत्र आणलं होतं, ते त्यांनी दोन दिवस लावलं आणि भांड्यांचा आवाज सहन होत नाही म्हणून काढून ठेवलं. त्यानंतर त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. तुझे वडील पाळीवरून दमून यायचे, त्यांच्याने ते होत नसे. ताईचा घसा बसायचा. तूच ओरडायचीस. सकाळी कामाला जाताना हवा कशी आहे, गावी कोण गेलं, कोणाचं लग्न ठरलं, गॅस संपला, हे सगळं तू बाबांना ओरडून सांगायचीस आणि चाळीतल्या आठही खोल्यांना कळायचं. शेजारची गुजराती बाई म्हणायची, "अमारे तो न्यूज जोवानी जरूर ज नथी." टीव्हीवरच्या बातम्या बघायची गरजच नाही. तू तिलाही ओरडून म्हणायचीस, "मासी, ब्रेक के बाद!"

मार्केटमध्ये झालं ते मी नंतर पाहिलेल्यांना विचारून घेतलं. सुट्टीचा दिवस, सकाळी साडेदहाची वेळ. भाजीबाजाराच्या तोंडाशी तू बाबांना उभं करून कांदे घ्यायला वळलीस. बाबा चार पावलं रस्त्यात आले. मागून कोबीच्या पोत्यांचा टेम्पो उलटा येत होता आणि भोंगा वाजत होता. बाबांची त्याच्याकडे पाठ होती. तू धावलीस, त्यांचा दंड धरून त्यांना ओढलंस आणि ओरडलीस: "तुले सांगं ना मी, आठेच उभा ऱ्हाय!" तुला सांगितलं होतं ना, इथेच उभा राहा. आपल्याकडे आजोबांना अरे-तुरेच करतात. दोनदा ओरडलीस, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही. बाबांची टोपी पडली होती, ती तू उचलून झटकलीस आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलीस.

क्लिप चौदा सेकंदांची आहे. टेम्पो त्यात नाही. ती ओढण्यापासून सुरू होते आणि टोपी उचलण्याआधी संपते. वर हिंदीत लिहिलं होतं, की आजकालच्या मुली म्हाताऱ्यांना कशा वागवतात ते बघा.

दुसऱ्या दिवशी तू पहिल्या पाळीला गेलीस. सकाळी फोन जमा केलास तेव्हा काहीच नव्हतं. आठ तास तू कोन बघत होतीस आणि बाहेर ते वाढत होतं. तीनला सगळ्यांनी फोन हातात घेतले आणि सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. हे तू मला नंतर सांगितलंस. "मामा, मी अजून माझा फोन चालू पण केला नव्हता. आधी त्यांच्या तोंडावर वाचलं." कमेंटमध्ये लिहिलेलं इथे देत नाही. फॅक्टरीच्या पोरी, बाहेरून आलेले, हिला कामावरून काढा, हिचे आईबाप कोण, अशा जातीचं होतं. जिथून लिहिलं जात होतं त्या गावांची नावंही तू ऐकलेली नव्हतीस.

तिसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तू बाबांना घेऊन माझ्याकडे आलीस. आता जे लिहितो आहे त्यासाठीच हा लेख आहे.

बाबांना तू इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होतास. टोपीही धुतलेली. त्यांना गठ्ठ्यावर बसवलंस, स्वतः उभी राहिलीस आणि पर्समधून वहीचं पान काढलंस.

"मामा, मी बाबांना शेजारी बसवून व्हिडिओ करते. लिहून आणलंय. तुम्ही फक्त बघा, काय चुकतंय का."

मी वाचलं. 'हे माझे आजोबा आहेत. त्यांना ऐकू येत नाही. मागून टेम्पो येत होता.' तीन वाक्यं. एकही शब्द कापण्यासारखा नव्हता. हे मला तेव्हाही दिसलं.

"करू नकोस," मी म्हणालो.

"का?"

मग मी तुला आमच्या धंद्यातली जुनी शिकवण सांगितली. चुकीची बातमी आली की माणसं खुलासा घेऊन धावत येतात. खुलासा छापला की ज्यांनी मूळ बातमी वाचली नव्हती, तेही ती शोधून वाचतात. उत्तर दिलंस की विषय दुसऱ्यांदा छापला गेला. गप्प राहिलीस तर तो शिळा होतो. पुढाऱ्यांना, कारखानदारांना, सगळ्यांना मी हेच सांगत आलो आणि ज्यांनी ऐकलं त्यांचं भलं झालं.

"पण हा पेपर नाहीये मामा."

"माणसं तीच आहेत."

"किती दिवस?"

"तीन. फार तर चार. लोकांना रोज नवीन लागतं."

तू बाबांकडे पाहिलंस. बाबा चहा पीत होते आणि आळीपाळीने आपल्या दोघांकडे बघत हसत होते. कप खाली ठेवून मोठ्याने म्हणाले, "फोटू कव्हय काढनार?" फोटो कधी काढणार, म्हणून विचारत होते. मी हाताने नाही म्हणून खूण केली. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुम्ही म्हणता तर नाही करत," तू म्हणालीस. पान घडी करून पुन्हा पर्समध्ये ठेवलंस. जाताना दारात थांबून म्हणालीस, "पण मामा, बाबांना ऐकू येत नाही एवढंच सांगायचं होतं."

चौथ्या दिवशी क्लिप खरोखर मंदावली. मला वाटलं, झालं. पाचव्या दिवशी कुणीतरी तिच्यातला फक्त आवाज काढून घेतला. चित्र गेलं, बाबा गेले, तू गेलीस; "तुले सांगं ना मी, आठेच उभा ऱ्हाय!" एवढंच उरलं. ते लोकांनी आपापल्या व्हिडिओवर लावलं. नवरा पळतो आहे आणि बायको ओरडते आहे. मांजर टेबलावरून उतरतं आहे. लहान मूल भिंतीकडे तोंड करून उभं आहे. अर्थ कळत नसलेल्यांनीही लावलं, कारण तुझा आवाज चांगला होता, खणखणीत. प्रत्येक नवा व्हिडिओ हा त्या आवाजाचा पहिला दिवस होता. माझ्या तीन-चार दिवसांच्या हिशेबात हे नव्हतं. पेपर रद्दीत जातो हे मला ठाऊक होतं. तू ज्याबद्दल विचारत होतीस त्याची रद्दी होत नाही, हे तू मला वर्षभर त्या गठ्ठ्यावर बसून सांगत होतीस आणि मी तो विनोद समजत होतो.

नाक्यावर भेटलीस तेव्हा हसत म्हणालीस, "मामा, आज मी कुणाच्या तरी कुत्र्याच्या तोंडी होते. छान भुंकत होता." मी पण हसलो. मला वाटलं, हसते आहे म्हणजे सावरली.

कारखान्यात तुझ्या लाइनवरच्या मुली कोन ठेवताना तेच म्हणायला लागल्या. आठेच उभा ऱ्हाय! सुपरवायझरही म्हणायचा. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना तू आवडायचीस. ताईने एकीला विचारलं, तर ती रडत म्हणाली, "मावशी, आम्ही तर तिला फेमस म्हणत होतो."

तू दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा तीन आठवडे झाले होते. फोनवर विचारलंस. "आता करू का मामा?" मी म्हणालो, आता तर मुळीच नको, विझत आलेलं पुन्हा पेटेल. तू 'बरं' म्हणालीस. तुझ्या 'बरं'नंतर मी किती वेळ बोललो ते आठवत नाही. पाणीपुरवठ्याच्या बातमीबद्दल काहीतरी विचारलं होतं.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. तुझी क्लिप आमच्या पेपरच्या वेबवरही होती. पहिल्याच आठवड्यात. 'वृद्धावर भररस्त्यात ओरडणारी तरुणी' अशा मथळ्याने. मी मुख्य कचेरीत फोन केला. तिथला उपसंपादक भला माणूस आहे.

"ती काढा," मी म्हणालो. "एकतर्फी आहे."

"सर, नाव कुठंय तिचं? नुसतं तरुणी लिहिलंय. ओळखीची आहे का तुमच्या?"

मी म्हणालो, "नाही. इथल्या भागातली आहे म्हणून सांगतो."

"मग राहू द्या ना सर. चांगली चाललीये."

मी राहू दिली. नात्याचा उपयोग करून बातमी काढून घ्यायची नाही, हा नियम पाळला, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. खरं असं की, ती पोरगी आपल्या बातमीदाराची भाची आहे, हे कचेरीत कुणाला कळू नये असं मला वाटलं. 'ओळखीची आहे' एवढं म्हटलं असतं तर ती दहा मिनिटांत निघाली असती. बाकी ठिकाणची निघाली नसती. तरी एक निघाली असती.

त्यानंतर तू हळू बोलायला लागलीस. आधी ताईच्या लक्षात आलं. तू व्हिडिओ बंद केलेस, ते आम्हाला बरंच वाटलं, फोनचं वेड कमी झालं म्हणून. पण फोन बंद झाला नव्हता. टाकणं तेवढं थांबलं होतं, बघणं वाढलं होतं. तुझा आवाज कुठे कुठे लागला आहे ते तू शोधत बसायचीस. ताई म्हणाली, ठेव तो. तू म्हणालीस, "ठेवला म्हणून तो थांबतो का?" गल्लीतल्या डॉक्टरांना तू झोप येत नाही म्हणून सांगितलंस, त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. मी म्हणालो, वापीला मनाच्या डॉक्टरकडे जाऊ. तू हो म्हणालीस. दिवस मी ठरवायचा होता. ठरवला नाही.

आणि तू बाबांशी ओरडून बोलणं बंद केलंस. त्यांच्या अगदी जवळ जाऊन खुणा करायचीस. जेवायचं असेल तर बोटं तोंडाशी न्यायचीस. हवा, लग्नं, गॅस, गावचं कोण गेलं, काहीच नाही. या गोष्टींना खुणा नसतात. शेजारच्या मासीने ताईला विचारलं, छोकरी आजारी आहे का, आवाज येत नाही. मी आलो त्या दिवशी बाबा मला मोठ्याने म्हणाले, "हर्षू माले बोलस नही." तू तिथेच कपडे घडी करत होतीस. वर पाहिलं नाहीस.

तुला पाहिलं ते शेवटचं. दुपारी चारची वेळ, दोरीवर तुझ्या कामाचा निळा कोट वाळत होता. तू रिक्षापर्यंत सोडायला आलीस. "मामा, तुम्ही लिहिता ते कुणी परत काढून वाचतं का?" मी म्हणालो, "कुणी नाही." तू म्हणालीस, "नशीबवान आहात." मी रिक्षात बसलो.

तू गेल्यावर क्लिप कुणी काढली ते मी शोधलं. त्यात काही कौशल्य नव्हतं, दोन दिवस लागले. मार्केटजवळ फोनची कव्हरं विकणारा माणूस आहे, तुझ्या वडिलांच्या वयाचा. त्याने मला स्टुलावर बसवलं. "मने शुं खबर, साहेब? एम ज मूकेलुं." त्याला काय माहीत, सहज टाकलं होतं. टेम्पो त्याला दिसला नव्हता, त्याचं लक्ष ओरडण्याकडे गेलं. तू गेल्याचं कळताच त्याने क्लिप काढून टाकली होती, ते त्याने मला दोनदा दाखवलं. चिडायला मी गेलो होतो. चिडायला तिथे काही नव्हतं. त्याच्या दुकानासमोर एक मुलगा फोनवर काही बघत होता आणि त्यातून तुझा आवाज येत होता. आम्ही दोघांनी ऐकला.

आता लोक तुझ्या फोटोवर संथ संगीत लावून व्हिडिओ टाकतात. नावं तीच आहेत, कमेंट करणाऱ्यांची आणि आवाज लावणाऱ्यांची, मी जुळवून पाहिली. खाली लिहितात, कुणीतरी तिचं ऐकून घ्यायला हवं होतं.

ऐकून घेतलं होतं. मीच घेतलं होतं, आणि गप्प बस म्हणालो होतो. तुझी तीन वाक्यं वर छापली आहेत, एकही शब्द न बदलता. ज्यांनी तो आवाज लावला, त्यांच्यातला एकही हा पेपर वाचत नाही. आणि जे वाचतात, त्यातल्या बऱ्याच जणांना क्लिपबद्दल आजच कळलं असेल. काही जण ती शोधतीलही. माझा नियम अजून तेवढा खरा आहे. तू तेव्हा उत्तर दिलं असतंस तर वाचली असतीस का, हे मला माहीत नाही. दिलं असतंस, एवढंच म्हणतो. तुझं तुझ्या तोंडाने सांगून झालं असतं.

परवा मी नरोलीला गेलो. तू गेल्यापासून बाबांना कुणी फारसं काही सांगितलेलं नाही. त्या दिवशी सगळे रडत होते त्यावरून त्यांना कळलं. त्यांच्यापुढे ताट ठेवतात, उचलतात. चाळीत आता त्यांच्याशी कुणी ओरडून बोलत नाही. ताई म्हणते आवाज निघत नाही. मासीही खुणाच करते. ओरडायच्या आधी प्रत्येक जण एकदा इकडेतिकडे बघतो, हे मी पाहिलं.

बाबा बाहेरच्या लाकडी बाकावर होते. मी शेजारी बसलो. संध्याकाळचे पाच वाजले होते, पाळीवरून आलेली माणसं दारात बसलेली, आठही दारं उघडी, दोघातिघांच्या हातात फोन. बाबा माझ्याकडे वळले. मग मोठ्याने, त्यांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, त्यांनी मला विचारलं.

"हर्षू मनावर रागायेल व्हती का?"

हर्षू माझ्यावर रागावली होती का. ओळीतली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. मी हाताने नाही, नाही, अशी खूण केली.

त्यांनी माझं मनगट धरलं. "हात नका हालावा. बोला."

मी बोललो. ती रागावली नव्हती बाबा, तुम्हाला टेम्पोच्या वाटेतून ओढून काढलं म्हणून हे सगळं झालं, म्हणून ती हळू बोलायला लागली. सगळं बोललो, पण आवाज वर गेला नाही. बाबांनी कानामागे हात धरला, थोडे पुढे झुकले आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबून राहिले.